चार्ल्स बॉयर : फ्रेंच उच्चारांचे भांडवल

आमिर खान आणि मनीषा कोईराला यांचा ‘मन’ (१९९९) पाहिलेल्यांना बोटीवर जुळलेले प्रेम, ठरल्या दिवशी भेटायचे वचन आणि ऐन वेळी झालेला अपघात आठवत असेल. ही गोष्ट मूळची १९३९च्या ‘लव्ह अफेअर’ची. दिग्दर्शक लिओ मॅकरी यानेच ती १९५७ साली कॅरी ग्रँटला घेऊन ‘अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर’ या नावाने पुन्हा काढली. ती इतकी गाजली की पहिल्या चित्रपटाचा नायक लोकांच्या विस्मरणात गेला. तो नायक म्हणजे चार्ल्स बॉयर.

बॉयरचा जन्म २८ ऑगस्ट १८९९चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या फिजाक या लहानशा गावातला. मुलगा लाजाळू, पण पाठांतर जबरदस्त. पॅरिसला सोरबॉनमध्ये तत्त्वज्ञान शिकता शिकता तो नाटकाकडे वळला. १९२० साली एका नाटकाचा नायक आयत्या वेळी अडला, तेव्हा अख्खी भूमिका झटपट पाठ करून हा उभा राहिला आणि रंगभूमीवर स्थिरावला.

अमेरिकेने त्याला बोलावले ते फ्रेंच बोलण्यासाठीच. बोलपट नुकते आले होते आणि डबिंगचे तंत्र अजून बसले नव्हते. त्यामुळे एमजीएमसारख्या कंपन्या त्याच सेटवर, त्याच कथेवर, परभाषेतले नट उभे करून चित्रपट नव्याने चित्रित करत. आपल्या प्रभातनेही ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ असा दुहेरी उद्योग केलाच होता. फरक इतकाच, की शांता आपटे दोन्हीकडे होत्या. हॉलिवूडमध्ये मात्र भाषेबरोबर नटही बदलत. पुढे डबिंग जमू लागले आणि बॉयरचे काम आटले. १९३२च्या ‘रेड-हेडेड वुमन’मध्ये पॅरिसच्या रंगभूमीचा हा नायक जीन हार्लोचा मोटारचालक झालेला दिसतो.

त्याला वर काढले ते त्याच्या मोडक्या इंग्रजीने. आवाज खर्जातला, शब्दांवर फ्रेंच वळण आणि बोलण्याआधी किंचित थांबायची सवय. मार्लेन डीट्रिख, ग्रेटा गार्बो, हेडी लमार, एकामागून एक नायिका त्याच्यासमोर आल्या. ‘कॉन्क्वेस्ट’मधला (१९३७) नेपोलियन आणि ‘अल्जीअर्स’मधला (१९३८) फरारी चोर या भूमिकांना ऑस्करची नामांकनेही मिळाली. ‘चल माझ्याबरोबर कस्बामध्ये’ अशा अर्थाचे एक वाक्य नकलाकार त्याच्या आवाजात वर्षानुवर्षे म्हणत राहिले. ‘अल्जीअर्स’मध्ये बॉयर ते कुठेच म्हणत नाही. १९४५ साली तर वॉर्नरच्या कार्टूनमध्ये पेपे ल प्यू नावाचा स्कंक अवतरला. दुर्गंधी सोडत बायकांमागे लागणाऱ्या या प्राण्याच्या तोंडी बॉयरचीच लकब होती.

प्रत्यक्षात हा गृहस्थ बुटकेला, टक्कल पडलेला. कॅमेऱ्यासमोरून हटला की टोप काढून ठेवायचा. लग्न एकच, १९३४ साली ब्रिटिश नटी पॅट पॅटरसनशी, आणि ते शेवटपर्यंत टिकले. वेड होते ते पुस्तकांचे. लॉस एंजेलिसमध्ये त्याने ‘फ्रेंच रिसर्च फाउंडेशन’ उभारले, आणि १९४३ साली ऑस्करवाल्यांनी त्याला जो विशेष सन्मान दिला तो याच कामासाठी. अभिनयाचे ऑस्कर चार नामांकने होऊनही हुकलेच.

पडद्यावरची प्रियकराची प्रतिमा म्हणजे आपले भांडवल आहे हे त्याला नीट कळत होते. ‘होल्ड बॅक द डॉन’च्या (१९४१) वेळचा किस्सा पटकथाकार बिली वाइल्डर पुढे रंगवून सांगायचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी मेक्सिकोच्या सरहद्दीवर खितपत पडलेला एक रुमानियन, अशी ती भूमिका. हॉटेलच्या खोलीत तो भिंतीवरच्या झुरळाला काठीने अडवतो आणि सरकारी अधिकाऱ्याच्या थाटात त्याच्याकडे कागदपत्रे मागतो, असा प्रसंग वाइल्डरने लिहिला होता. तो स्वतः मेहिकालीत असाच अडकला होता. बॉयर म्हणाला, झुरळाशी कोण बोलणार? दिग्दर्शक मिचेल लायसनने प्रसंग कापला. वाइल्डर भडकला: झुरळाशी बोलत नाही ना, मग कोणाशीच बोलायला नको! पटकथेचा शेवट लिहून व्हायचा होता. त्यातला भर त्याने नायिका ऑलिव्हिया डी हॅविलंडकडे वळवला. पुढल्याच वर्षी वाइल्डर हॉलिवूडमध्ये स्वतः दिग्दर्शन करू लागला. माझे मत विचाराल तर प्रसंग वाइल्डरचाच मोठा होता आणि बॉयर घाबरला.

‘गॅसलाइट’मध्ये (१९४४) मात्र त्याने तेच भांडवल बेधडक उधळले. बायकोला वेडी ठरवू पाहणारा नवरा. मायेने बोलणारा तोच आवाज इथे हळूहळू अंगावर येतो, आणि त्यासाठी तो एकदाही फार चढवावा लागत नाही. इन्ग्रिड बर्गमन त्याच्यापेक्षा उंच. चित्रीकरणाचा पहिलाच प्रसंग रेल्वे स्टेशनवरच्या मिठीचा; बॉयर एका खोक्यावर उभा आणि धावत येणाऱ्या बर्गमनला चिंता, की खोक्याला लाथ बसू नये. त्या चित्रपटाचे ऑस्कर तिला मिळाले.

मोठ्या पडद्याचे तारे टीव्हीकडे नाक मुरडत होते, त्या काळात, १९५२ साली, डिक पॉवेल आणि डेव्हिड निव्हन यांच्याबरोबर त्याने ‘फोर स्टार’ ही टीव्ही कंपनी काढली. स्टीव्ह मॅक्वीनला नाव मिळवून देणारी ‘वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह’ ही मालिका याच कंपनीची. त्याच्या थोडे आधी, चार्ल्स लॉटन वगैरे तिघांबरोबर, नेपथ्याशिवाय नुसत्या उंच स्टुलांवर बसून शॉच्या ‘डॉन जुआन इन हेल’चे अभिवाचन करत तो अमेरिकाभर फिरला, त्याबद्दल विशेष टोनी पुरस्कारही मिळाला.

घरात मात्र दुःख आले. एकुलत्या एका मुलाने, मायकेलने, १९६५ साली एकविसाव्या वर्षी स्वतःचे आयुष्य संपवले. २४ ऑगस्ट १९७८ रोजी पॅट कर्करोगाने गेली. दोनच दिवसांनी अ‍ॅरिझोनात बॉयरनेही मुलाचाच मार्ग धरला. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते.

त्याचे उत्तम काम मला तरी मायदेशी परतून केलेल्या ‘मादाम द...’मध्ये (१९५३) दिसते. मॅक्स ओफ्युल्सच्या या चित्रपटात तो बायकोने विकलेली कर्णभूषणे पुन्हापुन्हा विकत घेणारा सेनापती आहे, आणि त्याची असूया निव्वळ शिष्टाचारातून जाणवते. ‘लव्ह अफेअर’ आणि ‘अल्जीअर्स’ यांचे अमेरिकेतले हक्क संपलेले असल्याने ते इंटरनेटवर सहज सापडतात. प्रती मात्र धूसर असतात. ‘गॅसलाइट’ शोधताना त्याच नावाचा १९४०चा ब्रिटिश चित्रपट आधी समोर येऊ शकतो. तोही पाहण्यासारखा आहे, फक्त त्यात बॉयर नाही.