कॅमेरा कोणाकडे वळतो?

भारतीय सिनेमाचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात होते. पण फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटाआधी चौदा वर्षे मुंबईच्या एका फोटोग्राफरने हलती चित्रे टिपली होती. त्यांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. जुलै १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रे दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले. त्यांच्या स्वागताचे सावेदादांनी केलेले चित्रण हा भारतातील पहिला वार्तापट मानला जातो. पुढे त्यांनी १९०३ चा दिल्ली दरबारही टिपला.

सावेदादांचे श्रेय कोणी नाकारू नये. परांजप्यांची विद्वत्ताही खरीच. प्रश्न वेगळा आहे. त्याच १९०१ साली बालक भीमराव आपल्या भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवान मिळेना, रात्रभर कोणी पाण्याचा थेंब दिला नाही. तो प्रसंग टिपायला कोणता कॅमेरा होता? बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. महागडा कॅमेरा सत्कारापर्यंत, दरबारापर्यंत पोहोचला. तहानेपर्यंत पोहोचला नाही.

या गोष्टीला पंचावन्न वर्षे झाली. ७ डिसेंबर १९५६. मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला जनसागर लोटला. तो क्षण फिल्मवर यावा म्हणून नामदेव व्हटकरांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला. ते चित्रण आज आपण पाहतो ते त्या कर्जामुळे. आपला इतिहास दुसरा कोणी जपून ठेवील, या भ्रमात व्हटकर राहिले नाहीत.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पण खरी लढाई कोर्टात आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेले कलम १५ए(१०) सांगते की, या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रण झाले पाहिजे. कायद्याचा शब्द 'करता येईल' असा नाही, 'केले जाईल' असा आहे. साक्षीदाराला कसे प्रश्न विचारले, फिर्यादी बाईला कोणत्या भाषेत बोलले गेले, याची नोंद राहावी यासाठी हे कलम आहे. किती पीडित कुटुंबांना ते माहीत आहे? किती वकील पहिल्याच तारखेला तसा लेखी अर्ज देतात?

कार्यकर्त्यांनी हे कलम वस्तीवस्तीत, विहाराविहारात समजावून सांगावे. व्हटकरांना छापखाना गहाण टाकावा लागला. आपल्याला फक्त एक अर्ज द्यायचा आहे. तो द्या, आणि त्याची पोच घ्या.

जय भीम!