जुन्या डब्यांवरील मातीकाम : डबा निवडताना घ्यावयाची दक्षता

बांबूची कणगी विणावी, ती शेणमातीने आतून-बाहेरून लिंपावी आणि तीत धान्य भरावे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली; त्यांत धान्याची पेवे व कणग्या ठेवण्यासाठी केलेले गोल ओटेही होते. आता कणगीची जागा बहुतेक घरांत पत्र्याच्या व प्लॅस्टिकच्या डब्यांनी घेतली आहे. तेलाचा रिकामा डबा सहसा कोणी टाकून देत नाही. त्यावर मातीचा लेप देऊन, नक्षी काढून तो घरात ठेवण्याजोगा करता येतो. हे काम स्वस्त आहे आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासालाही घेता येते.

मात्र पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर काय किंवा उत्तरेस यवतमाळ जिल्ह्यातील गावे काय, हा सर्व मुलूख कपाशीचा आहे. कपाशीच्या मुलुखात प्रत्येक गोठ्याच्या कोपऱ्यात कीटकनाशकांचे रिकामे डबे असतात. ते चांगले मजबूत व घट्ट झाकणाचे असतात, आणि धोका तेथेच आहे. औषध प्लॅस्टिकमध्ये मुरते. कितीही धुतले, राखेने घासले तरी ते पूर्णपणे निघून जात नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, हे या भागाच्या स्मरणात आहे. ती विषबाधा फवारणी करताना झाली, डब्यांमुळे नव्हे. पण विष तेच.

मातीकामाने या धोक्यात भर पडते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता दर्शवितो. लेपाखाली हा रंग व औषधाचे नाव दोन्ही झाकले जातात. ज्याने लेप दिला त्यास डबा कशाचा होता हे ठाऊक असते. दोन वर्षांनी त्यात डाळ भरणाऱ्या सुनेस ते कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. हिरवे चिन्ह असलेला डबाही यास अपवाद समजू नये. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये असे डबे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात. डबा रिकामा होताच तीन वेळा विसळावा, ते पाणी फवारणी पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडावीत. रंगाचे व वंगणाचे डबेही धान्यासाठी घेऊ नयेत.

आता मातीविषयी. शेतातील काळी माती या कामास निरुपयोगी होय. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतास पडणाऱ्या भेगा हा त्याचाच पुरावा. गावातील जुन्या पांढरीची माती किंवा मूर्तीसाठी वापरतात ती शाडू चांगली. माती चाळून तीत भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा व चिंचोक्याची खळ मिसळावी. शंका असल्यास लिंबाएवढा गोळा वाळवून पाहावा. तडकला तर लगदा वाढवावा.

गुळगुळीत पत्र्यास माती धरत नाही. बांबू पाणी शोषतो म्हणून कणगीचा लेप टिकतो. पत्र्यास मात्र प्रथम खळ लावून सुतळी किंवा गोणपाट घट्ट गुंडाळावे लागते. मग पातळ थर द्यावा, सावलीत वाळवावा, नंतर दुसरा द्यावा. एकदम जाड थर उन्हात ठेवला की तो पापुद्र्यासारखा सुटतो. नक्षीसाठी मातीच्या वळ्या ओल्या थरावरच दाबाव्यात. वाळल्यावर गेरूचा हात द्यावा आणि चुन्याने रेघा काढाव्यात. फुटक्या बांगड्यांचे तुकडे बसविणे झाल्यास ते मोठ्यांनी बसवावेत.

हा लेप कच्चा असल्याने पाण्यात विरघळतो. म्हणून डबा मोरीपासून दूर, विटांवर ठेवावा. लेप बाहेरूनच द्यावा, आत मुळीच देऊ नये. तळ उघडा ठेवून तेथे डबा मुळात कशाचा होता ते खिळ्याने कोरावे. शाळेत मुलांनी आणलेल्या प्रत्येक डब्याच्या बाबतीत शिक्षकांनी हे काम लेपापूर्वीच करून घ्यावे.