साखरेच्या गावातलं रॉकेट

वालचंदनगर म्हटलं की डोळ्यासमोर ऊस येतो ना? बरोबरच आहे. इंदापूर तालुक्यात, कळंबजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वालचंद हिराचंद यांनी उसाची शेती उभी केली. १९३२ मध्ये देशी साखरेला सरकारी संरक्षण मिळालं, पाठोपाठ कारखाना आला आणि त्याच्याभोवती गाव वसलं.

आता कमी माहीत असलेली गोष्ट. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या बूस्टरच्या कवचाचे भाग इथे बनलेत!

ही उडी वाटते तेवढी लांब नाही. साखर कारखान्याचा बॉयलर म्हणजे आत दाब कोंडून धरणारं पोलादी भांडं. इथे आधी साखरेची यंत्रं बनू लागली, पुढे बॉयलरही. बूस्टर हेही तसंच भांडं: ३.२ मीटर व्यासाचं, आत जळणाऱ्या घन इंधनाचा दाब सोसणारं. फक्त इथे पत्रा जाड करून चालत नाही, कारण वजन वाढतं. म्हणून मॅरेजिंग पोलाद वापरतात. त्यात निकेल सुमारे १८ टक्के, कार्बन जवळपास नाहीच. वेल्डिंग करताना ते त्या मानाने मऊ असतं; नंतर भट्टीत काही तास तापवलं की आत सूक्ष्म कण तयार होतात आणि ते कणखर बनतं. एक जोड कच्चा राहिला तरी अख्खी मोहीम जाऊ शकते.

आपण वारसा शोधायला किल्ल्यांवर जातो. पण वेल्डरच्या हातातलं कसब हाही वारसाच आहे. तो जपला नाही, तर त्याचे अवशेषसुद्धा उरत नाहीत.