पांढरे झालेले आकाश परत का येत नाही?

शाळेच्या सहलीत भर दुपारी कंधारच्या किल्ल्याचे छायाचित्र मोबाइलवर काढले, की पुष्कळदा तटबंदी अंधारी आणि आकाश पांढरेफटक येते. घरी आल्यावर नवशिका मुलगा उजेडाची पट्टी मागे सरकवतो. आकाश निळे होत नाही, नुसते राखाडी होते. असे का?

छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. प्रत्येक ० ते २५५. प्रकाश फार झाला की तिन्ही २५५ वर अडतात. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी ओतले, हे घागर पाहून कळत नाही, तसेच हे. ढगाच्या जागी २५५, निळ्या आकाशाच्याही जागी २५५. समजा, ४० वजा केले; दोन्हीकडे २१५! फरक नोंदलाच गेला नाही, तर तो येणार कोठून?

तटबंदीच्या सावलीत मात्र १२, १५, १९ असे लहान का होईना, निरनिराळे आकडे असतात. चौपट केले की ४८, ६०, ७६ होतात आणि दगडांचे सांधे दिसू लागतात. (चित्रातली खरखरही चौपट होते, तेवढी सोसावी.)

म्हणून चित्र काढतानाच पडद्यावरील आकाशाला बोट लावा. बहुतेक मोबाइल मग प्रकाश कमी घेतात. भिंत काळी दिसेल. ती घरी उजळता येते.