आजोबांचं पुष्पक आणि ‘एन्हान्स’चं बटण

गेल्या दिवाळीत ठाण्याला आईच्या मामांकडे गेलो होतो. मामाआजोबा आता त्र्याऐंशी वर्षांचे. रिटायर्ड पायलट. साठच्या दशकात जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकले, नंतर प्रवासी विमानांवर गेले, आधी डाकोटा, मग फोकर फ्रेंडशिप. त्यांच्याकडे काळ्या कागदाचा एक अल्बम आहे. प्रत्येक पानावर सहा फोटो, कोपऱ्यांना चिकटवलेले छोटे त्रिकोण, आणि फोटो अगदी काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे. आजोबांना आता ते नीट दिसत नाहीत. म्हटलं, मी सॉफ्टवेअरवाला, फोनवर मोठे करून देतो, त्यात काय!

पानांचे फोटो काढले, एका एआय अॅपमध्ये टाकले, ‘एन्हान्स’ दाबलं. दोन मिनिटांत सगळं चकाचक. टॅबवर आजोबांसमोर ठेवलं. पहिला फोटो बघून ते म्हणाले, “पुष्पकचा पंख कापडाचा असतो रे. हा पत्र्याचा कोणी केला?”

खरंच तसं झालं होतं. पुष्पक म्हणजे आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं शिकाऊ विमान. पहिलं उड्डाण १९५८चं, इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या एखाद्या हॅचबॅक कारएवढं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसणार, पंख डोक्यावर, आणि पंखाच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. मूळ फोटोत त्या कापडाखालच्या फासळ्यांच्या पुसट रेघा दिसतात. अॅपला वाटलं हा फोटोतला कचरा आहे. त्याने रेघा पुसल्या आणि वर छान चकाकी दिली.

दुसऱ्या फोटोत एक पुष्पक लांबून उतरताना दिसतंय. भारतातल्या नागरी विमानांच्या अंगावर ‘व्हीटी’ आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं असतात, गाडीच्या नंबर प्लेटसारखी. अॅपने शेवटचं अक्षर स्वच्छ ‘सी’ करून दिलं. आजोबा म्हणाले, “सी नव्हे, जी. मी पहिल्यांदा एकटा उडालो ते विमान आहे हे.” मला वाटलं, साठ वर्षांनंतर कोणाच्या लक्षात राहतं? त्यांनी कपाटातून लॉगबुक काढलं. पायलटच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, त्याची अक्षरं आणि वेळ लिहिलेली असते. निळ्या शाईत लिहिलं होतं: जी.

आता हे असं का होतं ते बघू. फोटो मोठा करणारं एआय मॉडेल शिकवताना त्याला लाखो चांगले फोटो देतात, तेच फोटो मुद्दाम लहान आणि खराब करून देतात, आणि सांगतात की या खराबवरून तो चांगला ओळख. मॉडेल त्यातून अंदाज करायला शिकतं. म्हणजे तुमच्या फोटोत जे नाही ते शोधून काढत नाही (कुठून काढणार?), तर ‘अशा ठिकाणी बहुतेक वेळा काय असतं’ ते रंगवतं. पंखाच्या जागी बहुतेक वेळा गुळगुळीत पत्रा असतो, कारण इंटरनेटवर पत्र्याच्या विमानांचे फोटो ढिगाने आहेत. कापडी पुष्पकचे किती असणार?

अक्षराचं गणित तर अजून सोपं आहे. माझा फोन १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. अल्बमचं पान साधारण १२ इंच रुंद. म्हणजे एका इंचाला ३३३ ठिपके. आजोबांचे फोटो सव्वादोन इंची, तर एका फोटोच्या वाट्याला जेमतेम ७५० ठिपके आले. त्यात लांबच्या विमानावरचं अक्षर आठ ठिपके उंच. आठ ठिपक्यांत ‘सी’ आणि ‘जी’मध्ये फरक काय? मधली एक आडवी रेघ, एखाद-दुसऱ्या ठिपक्याची. अॅपने नाणं उडवलं म्हणा ना. वाईट हे की उत्तर पुसट दिलं नाही, ठाम दिलं. मूळ फोटो धूसर असतो तेव्हा आपल्याला निदान कळतं तरी की इथे खात्री नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मी वेगळं केलं. आजोबांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्यात बनायचा, तुमच्याही आजीआजोबांच्या घरी माळ्यावर सापडेल कदाचित. त्यात रुंद फिल्म लागायची, एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. पैसे वाचवायला लोक निगेटिव्हच्याच आकाराचा प्रिंट काढायचे, म्हणून फोटो एवढे चिमुकले. पण चिमुकल्या प्रिंटमध्ये तपशील दाटीवाटीने बसलेला असतो. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन तेच प्रिंट काचेच्या सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केले. सव्वादोन इंच गुणिले १२००, म्हणजे २७०० ठिपके. आठ ठिपक्यांचं अक्षर तीस ठिपक्यांचं झालं आणि ‘जी’ची रेघ दिसली. एआय नाही, काही नाही. यापेक्षा जास्त डीपीआय लावून उपयोग नव्हता. पुढे फक्त कागदाचे तंतू मोठे दिसायला लागतात. आणि निगेटिव्ह सापडली तर आधी ती स्कॅन करा, प्रिंट नंतर.

स्कॅनर नसेल तर फोनही चालतो, फक्त पूर्ण पान एकदम काढू नका. एकेक फोटो, खिडकीशेजारी, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद. फोन फोटोला अगदी समांतर धरा. चकाकी येत असेल तर गुगलचं फोटोस्कॅन अॅप बरं आहे. ते तुम्हाला फोन चार ठिपक्यांवर फिरवायला लावतं, प्रत्येक जागेवरून चकाकी वेगळ्या ठिकाणी पडते, आणि मग सगळे फोटो जुळवून चकाकी नसलेले भाग वापरतं. इथे तपशील खरा असतो, दुसऱ्या कोनातून आलेला. आणि फोटोची मागची बाजू पण काढा प्लीज! आजोबांच्या निम्म्या फोटोंमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

एका फोटोत इंजिन चालू आहे आणि पंख्याच्या जागी नुसती धुरकट चकती. मी म्हटलं, फोटो हलला. आजोबा म्हणाले, पंखा फिरतोय, तो असाच दिसणार. मग मी त्यांना माझ्या फोनवर विमानाच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ दाखवला, ज्यात पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलेली दिसतात. ते बराच वेळ हसत होते. कारण असं: आपल्या फोनचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणी घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. खालच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून ते वाकडं दिसतं. आग्फात तसं नव्हतं. झाकण उघडलं की सगळ्या फिल्मवर एकदम उजेड पडायचा, साधारण सेकंदाचा तिसावा भाग. जागेवर उभं असलेलं इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५, आणि तेवढ्या वेळात अर्धा फेरा. दोन पात्यांच्या पंख्याला पूर्ण चकती व्हायला अर्धा फेरा पुरतो. म्हणजे आजोबांचा धूसर फोटो खरा आणि माझा शार्प व्हिडिओ खोटा.

मग डाकोटाच्या गोष्टी निघाल्या. डाकोटा म्हणजे डीसी-३, पहिलं उड्डाण १९३५चं. शेपटीखाली छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर उभं असताना नाक आकाशाकडे आणि आतली जमीन चढणीची. प्रवासी सीटा धरत धरत घाट चढल्यासारखे पुढे जायचे. हे अल्बमात कुठेच नाही. म्हणून मी फोनचा रेकॉर्डर चालू करून ठेवला. फोटो दाखवत बोलायला लावलं की माणसं जास्त आठवतात, हे तेव्हा कळलं.

आता सेव्ह करताना. स्कॅन केलेल्या फाइलला आजची तारीख चिकटते. गुगल फोटोजमध्ये फोटोची माहिती उघडून तारीख बदलता येते. मी लॉगबुक बघून जिथे नक्की कळली तिथे खरी तारीख टाकली. आणि घरच्या ग्रुपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते. एन्हान्स केलेली कॉपी ठेवायची असेल तर फाइलच्या नावातच ‘एआय’ लिहा. मावशीने पहिल्या वेळचा पत्र्याचा पुष्पक स्टेटसला ठेवला होता, तो आता किती फोनमध्ये असेल देव जाणे.

एक फोटो राहिला. पंखाखाली दोन मुलं उभी आहेत, एक आजोबा. पहिल्या दिवशी अॅपने दुसऱ्या मुलाला सरळ नाक, रेखीव भुवया, सगळं दिलं होतं. आजोबांनी टॅब जवळ धरून बघितला आणि विचारलं होतं, “हा कोण?” मी पटकन पुढचा फोटो लावला होता.

नवीन स्कॅनमध्ये तो चेहरा अजूनही धूसरच आहे, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. या वेळी आजोबांनी लगेच ओळखलं. एक हात कमरेवर, मान थोडी डावीकडे. “असाच उभा राहायचा नेहमी,” म्हणाले. त्यांच्या बॅचचा मित्र, चाळिशीतच गेला. दुसरा फोटो त्यांच्याकडे नाही. मी तो आहे तसाच आठ बाय आठ इंचाचा प्रिंट करून दिलाय. पंखावरच्या फासळ्यांच्या रेघा त्यात मोजता येतात. आजोबांनी मोजल्या.