पाण्याची चाल ओळखणारा एमआरआय

रक्तवाहिनी तुंबून पक्षाघाताचा झटका आला, तर पहिल्या तासा-दोन तासांत काढलेल्या सीटी स्कॅनवर मेंदू बऱ्याचदा ठाकठीक दिसतो. त्याच वेळी एमआरआयच्या ‘डिफ्यूजन’ प्रतिमेत मात्र करड्या मेंदूवर पांढराशुभ्र डाग उठून दिसतो. ही प्रतिमा वैद्यकाला दिली देनी ल बिआँ या फ्रेंच रेडिओलॉजिस्टने.

१९८४च्या सुमारास त्यांच्यापुढे आलेला प्रश्न मेंदूचा नव्हताच, यकृताचा होता. गाठ कर्करोगाची की नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता, हे एमआरआयवरून सांगता येईल? ल बिआँ डॉक्टर तर होतेच, शिवाय भौतिकशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन करत होते. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे धडपडतात (हेच ‘डिफ्यूजन’), त्याचं गणित आइनस्टाइनने १९०५मध्ये मांडलं होतं. चुंबकीय अनुनादाने ती धडपड मोजायची रीत स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५मध्ये दिली होती. दाट पेशींच्या गाठीत पाणी अडखळेल, रक्ताच्या गुंत्यात मोकळं फिरेल, असा ल बिआँ यांचा तर्क. पण श्वासागणिक यकृत हलतं. मोजायचं रेणूंचं मायक्रोमीटरभर सरकणं, आणि अवयवच सेंटिमीटरने हलतोय! प्रयोग फसला. मग ते वळले कवटीत जवळजवळ स्थिर असलेल्या मेंदूकडे. १९८६मध्ये ‘रेडिओलॉजी’ नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. रुग्णाचा प्रश्न आणि रेणूंचं गणित एकाच माणसाच्या डोक्यात होतं म्हणून हे घडलं, असं मला ठामपणे वाटतं.

५० मिलिसेकंदांत पाण्याचा रेणू साधारण १० मायक्रोमीटर सरकतो. हे अंतर पेशीच्या आकाराएवढंच, म्हणून पेशीपटलांचा अडसर लगेच जाणवतो. रक्तपुरवठा तुटला की पेशींतले पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि पाण्याची चाल मंदावते; तोच भाग डिफ्यूजन प्रतिमेत पांढरा दिसतो. मायकेल मोझली यांच्या गटाने १९९०मध्ये मांजरांच्या मेंदूत हा बदल झटक्यानंतर फार लवकर टिपून दाखवला.

झोपेत झटका आलेल्या रुग्णांसाठी हे ज्ञान विशेष मोलाचं. झटका नेमका केव्हा आला हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि गुठळी विरघळवणारं औषध द्यायला साधारण साडेचार तासांचीच मुदत. डिफ्यूजनमध्ये डाग दिसतो, पण ‘फ्लेअर’ या दुसऱ्या प्रतिमेत अजून उमटलेला नाही, तर झटका बहुधा ताजा. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ या युरोपीय चाचणीत असे रुग्ण निवडून त्यांच्यापैकी काहींना औषध दिलं गेलं. ९० दिवसांनंतर, औषध न दिलेल्यांच्या तुलनेत, त्यांच्यातले अधिक जण स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण मात्र औषध दिलेल्यांत जास्तच आढळलं.