सातबारा आजोबांच्या नावावर, मग अनुदान कुणाला?

तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारे, दिघा-घणसोलीच्या वस्त्यांत संसार थाटलेले आपले कितीतरी बांधव गावाकडे थोडीबहुत जमीन ठेवून आले आहेत. सणासुदीला गावी जाणे होते, शेताच्या बांधावरही चक्कर होते. पण तलाठ्याच्या कार्यालयात कोण जातो? सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते आणि आजोबा जाऊन कित्येक वर्षे झालेली असतात.

सरकारची मदत राबणाऱ्या हाताला मिळत नाही, कागदावरच्या नावाला मिळते. 2019 साली सुरू झालेल्या पीएम किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6000 रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेत जमा होतात. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेने तेवढ्याच रकमेची भर घातली. पण नावच नसेल, तर हप्ता कुणाच्या खात्यात येणार?

1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर पीएम किसानचा लाभ मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीला मात्र ही तारीख आड येत नाही. आयकर भरणारे आणि सरकारी वा पालिकेचे कायम कर्मचारी यातून वगळले आहेत. परंतु चतुर्थ श्रेणीतील कामगार अपात्र नाहीत. झाडूकाम करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्यापैकी अनेकांची जमीन वतनाची. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि जमिनी अटी घालून वतनदारांना परत मिळाल्या. एवढ्या लढ्याने हाती आलेली जमीन केवळ आळसापायी कागदावरून पुसट होऊ द्यायची काय?

काम फार अवघड नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे लिहिलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे जावे. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. 2025 मध्ये शासनाने याच कामासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली होती. अर्जाची पोच घ्यावी आणि फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून घरात जपून ठेवावा.

आणखी एक सांगणे आहे. वारसांच्या यादीतून बहिणीचे नाव गाळू नका. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि साऱ्या देशाने 2005 मध्ये मान्य केला. स्त्रियांच्या हक्कासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी आपल्याच बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यावी, हे शोभत नाही.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आईला, आत्याला सोबत घ्या आणि आधी सातबारा काढा.